मद्रासच्या शेवटच्या शिक्क्यामागे

आमच्या घरात हे तिकिटं जमवतात आणि मी शिक्के. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, नवराबायकोचा छंद एक! एक कसला, डोंबल. पाकीट आलं रे आलं की हे कात्री घेतात, तिकिटाचा तुकडा कापतात आणि स्टीलच्या वाडग्यात कोमट पाण्यात भिजत घालतात. तिकीट सुटलं की टिपकागदावर उपडं वाळत. आणि मला हवा असतो तो अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर उमटलेला शिक्का, अख्ख्या पाकिटासकट. वाडग्यात पडला की त्याचे दिवस भरले. त्या वाडग्यापायी आमच्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी माझ्या सासूबाईंमुळेही झाली नाहीत, आणि सासूबाई काही कमी नव्हत्या.

शिक्क्यांतही मला वेड आहे ते यंत्रानं मारलेल्या शिक्क्यांचं. शंभरेक वर्षांपूर्वी मोठ्या शहरांतल्या टपालात यंत्रं आली. एका बाजूनं पाकिटं घालायची, ती रुळांमधून पळत दुसरीकडे बाहेर पडायची, आणि प्रत्येकावर गावाच्या नावाचा गोल शिक्का आणि त्याला लागून तिकिटावरून गेलेल्या रेघा. मद्रासच्या अगदी सुरुवातीच्या यंत्राचा शिक्का मी बघत होते तो फक्त झेरॉक्समध्ये. तो ज्यांच्याकडे होता, त्या तांबरमच्या रावांशी माझा कैक वर्षांचा पत्रव्यवहार. आम्ही एकमेकांना दुहेरी झालेले शिक्के पाठवायचो, तोंड मात्र कधी बघितलेलं नव्हतं.

यंदा डिसेंबरात रावांचं पत्र आलं. चेन्नईच्या एका मोठ्या टपाल कार्यालयातलं त्या धाटणीचं शेवटचं जुनं यंत्र येत्या शनिवारी बंद होणार, सोमवारपासून नवं. रावांचा पाय प्लास्टरमध्ये. त्यांच्याकडे सुरुवातीच्या शिक्क्याची दोन पाकिटं होती, आणि त्यांनी सरळ सौदा मांडला होता: तुम्ही या, शेवटच्या दिवशीचा शिक्का मला आणून द्या, पहिल्यातला एक घेऊन जा.

"शिक्क्यासाठी चेन्नई?" हे म्हणाले. "मिरजेच्या पोस्टात काय शिक्के संपले?"

"तुम्ही संपवलेत," मी म्हटलं, आणि बॅग भरली.

वेस्ट मांबलम

गाडीचं वर्णन करत नाही. गाडीत बसले, गाडीतून उतरले. माझा भाचा मंदार नुंगंबाक्कमच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि वेस्ट मांबलमला दोन खोल्यांत राहतो. तो उतरवून घ्यायला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर माकडटोपी होती. मला वाटलं, पोरगं आजारी आहे.

"थंडी आहे मावशी," तो म्हणाला.

माझ्या पाठीवर घामाची धार लागली होती. पण बघते तर रस्त्यावर निम्म्या लोकांच्या कानांना मफलर. ह्यांचा मार्गळी महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. पंखा लावून, टोपी घालून हे लोक थंडी साजरी करतात. हौसेला मोल नाही.

पहाटे मात्र या गल्लीनं मला गप्प केलं. प्रत्येक दारापुढे सडा आणि पांढऱ्या पिठाची रांगोळी, तीही दाराएवढी नाही, रस्त्याएवढी. रिक्षावाला ती चुकवून चिखलातून रिक्षा घालतो. आपल्याकडे पाट मांडून चार ठिपके काढले की आम्ही दमतो. शेजारच्या मामी कमरेत वाकून, हात न टेकता, न पुसता वेलबुट्टी काढत होत्या. मी बघत उभी राहिले तर त्यांनी पिठाची वाटी माझ्यापुढे केली. मी काढलेलं कमळ बघून त्या काहीतरी तमिळमध्ये म्हणाल्या.

"काय म्हणाल्या रे?"

"म्हणाल्या, कोबी छान आलाय," मंदारनं सांगितलं. अर्थ त्याच्या पदरचा असणार, मामी तशा वाटल्या नाहीत.

तांबरम

रावांचं घर स्टेशनपासून जवळ. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला, ऐंशीच्या घरातला माणूस, कपाळाला गंध, एक पाय प्लास्टरमध्ये स्टुलावर. मी दारात दिसताच ते तमिळ हेल काढून म्हणाले, "या, या! बैसा. कापी होते आहे. मिरज म्हणजे तंबोरे करतात तेंच गांव ना?"

"तेच."

"खरा तंबोरा आमच्या तंजावराचा," ते म्हणाले. ओळख होऊन अर्धा मिनिट झालं नव्हतं.

त्यांचे पूर्वज तंजावरला गेले त्याला शतकं लोटली. त्यांचं मराठी ऐकताना मला सारखं वाटत होतं की आजोबांचे आजोबा मद्रासी चष्मा लावून बोलतायत. मधेच "सेरी, सेरी" म्हणजे बरं, बरं, आणि कापी म्हणजे कॉफी. सून तमिळच बोलते, नातवंडं इंग्रजी. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून राव सुटले होते. सांबारदेखील मराठ्यांनीच तंजावरात शोधून काढलं, असं त्यांनी मला ठणकावून सांगितलं.

"मग आमच्या आमटीचं काय झालं?" मी विचारलं.

"तुम्हीं तिकडे राहिलांत. शिकायाचें राहून गेलें."

मी वाटी पुढं केली; त्यांच्या सुनेनं वाढलेलं सांबार त्याआधी दोनदा मागून घेतलं होतं.

मग त्यांनी ती पाकिटं काढली. काय सांगू! कागद चहासारखा तपकिरी, रावांच्या आजोबांच्या नावे आलेलं साधं घरगुती पत्र, आणि त्यावर मद्रासचा तो गोल शिक्का, शेजारी रेघा, एकही तुटलेली नाही. मी हात पदराला पुसले आणि पाकीट कडेनं उचललं. राव माझ्याकडे बघत होते, पाकिटाकडे नाही.

"तुम्हांस कळतें," ते म्हणाले. "घरांत कोणास कळत नाहीं."

"एवढीच राहिली? आजोबांना पुष्कळ पत्रं येत असतील की."

"येत होतीं. परंतु त्या काळीं वरचेवर माणसें मरत. मौतीचें पत्र घरांत कोण ठेवील? दाराबाहेर वाचलें, फाडलें, टाकलें."

"आमच्याकडेही तसंच. मयताचं म्हणून कोपरा फाडलेलं पत्र आलं की उंबऱ्याच्या आत आणायचं नाही."

"म्हणजे पाहा बाई, मरणानें किती चांगले शिक्के खाल्ले." हे बोलताना राव अत्यंत दुःखी झाले होते, मेलेल्या माणसांसाठी नव्हे, हे सांगायला नको.

निघताना त्यांनी पुन्हा बजावलं, "शेवटला आणा, पहिला तुमचा. मजजवळ मद्रासच्या यंत्रांचे सगळे आहेत. शेवटला मिळाला म्हणजे माझें काम झालें." प्लास्टरकडे बघून ते पुढं म्हणाले, "माझाही पत्ता फार दिवस हा राहील असें नाहीं."

मी त्यांना शब्द दिला.

शनिवार

सकाळी मंदारनं मला मांबलम स्टेशनजवळ इडली खायला नेलं. तिथं केळीच्या पानावर इडली पडते आणि तुम्ही नाही म्हणेपर्यंत सांबार पडत राहतं. तुम्ही नाही म्हणालात तरी पडतं. आपल्या हॉटेलात दुसरी वाटी चटणी मागितली तर वाढपी इस्टेट मागितल्यासारखा बघतो. इथं कॉफीसुद्धा पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात हातभर उंचावरून ओतून देतात. मी तशी ओतायला गेले आणि निम्मी मंदारच्या ऑफिसच्या शर्टावर गेली.

इडलीची दुसरी खेप यायची होती तेवढ्यात ह्यांना चार ओळी खरडल्या होत्या. निघाल्यापासून पत्ता नाही म्हणून उगीच बोंब नको. पाकिटात घालेपर्यंत इडली आली आणि माझा हात सांबारात गेला, म्हणून पाकिटावर पत्ता मंदारनं लिहिला, त्याच्या त्या ठोकळ्याठोकळ्यांच्या इंग्रजी अक्षरांत. तिकीट चिकटवलं आणि जाता जाता स्टेशनबाहेरच्या लाल पेटीत टाकून दिलं. तिकडे दुसऱ्यांदा वळून बघितलंही नाही. माझं लक्ष पिशवीतल्या खऱ्या पाकिटांवर होतं. छान जाड कागद, सुंदर तिकिटं, निम्म्यांवर रावांचा पत्ता, निम्म्यांवर माझा. मिरजेत बसून बाळंतविडा करावा तशी केलेली.

टपाल कार्यालयातल्या बाबूंना मी हिंदी, इंग्रजी आणि हातवारे अशा तिन्ही भाषांत सांगितलं की ही आजच्या टपालात, त्या जुन्या यंत्रातून, यंत्रातूनच. माणूस फार सज्जन. त्यांनी पाकिटं दोन्ही हातांनी घेतली, तिकिटं बघून "सूपर!" म्हणाले, मला खुर्ची दिली. मी म्हटलं, काम फत्ते.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. चेहऱ्यावर जावयाला आहेर करणाऱ्याचा आनंद. पाकिटं माझ्यासमोर पत्त्यांसारखी मांडली. प्रत्येकावर एक शिक्का. गोल, काळा, ठसठशीत, जरासुद्धा न फिसकटलेला.

आणि हातानं मारलेला.

"मॅडम, यंत्र नको," ते मोडक्या हिंदीत समजावू लागले. "म्हातारं झालंय. कोपरे खातं. दुपारी शेवटचा घाणा काढला, कितीतरी पाकिटं फाटली. तुमची इतकी चांगली पाकिटं! मी शाई बदलली, खाली रबर घेतलं, एकेक स्वतः मारलं."

कपाळावर हात मारावा की त्यांच्या पाया पडावं? इतका सुबक हातशिक्का मी आयुष्यात पाहिला नव्हता आणि मला तो फुकट दिला तरी नको होता.

"मग यंत्रातून गेलं काय?"

"साधं टपाल. पेट्यांतलं. आज सकाळी तुम्ही पेटीत काही टाकलं असतं, तर तेही फाटलं असतं," त्यांनी माझं सांत्वन केलं.

मी त्यांचे आभार मानले. पायऱ्या उतरून फुटपाथवर आले आणि तिथंच थांबले. लाल पेटी. मांबलम स्टेशन. ह्यांचं पत्र! अख्ख्या भारतात शेवटचा शिक्का बसलेलं माझ्या ओळखीचं एकच पाकीट होतं, आणि ते निघालं होतं वाडगेवाल्याच्या घरी.

मंदारच्या मोबाइलवरून फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. नंतर एसटीडी बूथवरून लावला. तेच. रविवारी सकाळ-संध्याकाळ तेच. शेजारच्या कुलकर्ण्यांकडे लावला, तर तिथंही तेच.

"काका बाहेर गेले असतील गं," मंदार म्हणाला.

"ते कुठं जाणार? ते भिजत घालत असतील."

रावांकडे गेले ती तोंड पाडून. त्यांनी भिंगातून हातशिक्का बघितला. "फार सुंदर," ते म्हणाले. "काय उपयोग." मग मी दुसरी गोष्ट सांगितली. ते एकदम ताठ बसले.

"म्हणजे आहे! यजमानांच्या नांवें आहे! यजमान काय करतात?"

"तिकिटं भिजवतात."

रावांनी डोळे मिटले. "शिव, शिव, शिव," ते म्हणाले, आणि सुनेनं आणलेली कॉफी तशीच राहिली.

मिरज

परतीचं आरक्षण आधीच्या तारखेला मिळेना. गाडीत माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते वाडगं. त्यात कोमट पाणी, त्यात माझा शिक्का गाळ होऊन बसलाय. रिक्षा गल्लीत वळली तर सगळा रस्ता खणलेला. आमचा आणि कुलकर्ण्यांचा, दोघांचे फोन त्याच खड्ड्यात गेले होते, हे नंतर कळलं.

हे पायरीवर बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्याच्या गुंड्या खालीवर. मला रिक्षातून उतरताना बघून उठले, पुढं आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. भर रस्त्यात. लग्नातसुद्धा ह्यांनी माझा हात भटजींनी सांगितल्यावर धरला होता.

"मंदार?" त्यांनी विचारलं.

"मंदारला काय धाड भरलीय! अहो, माझं पत्र आलं का?"

"आलंय."

"वाडग्यात घातलंत?"

"नाही."

"मग कुठंय?"

त्यांनी दाराबाहेरच्या लाइटच्या मीटरच्या पेटीकडे बोट केलं. मी पेटी उघडली. पाकीट आत होतं, वर दगड ठेवलेला. उजवीकडे तिकीट, तिकिटावरून गेलेल्या रेघा, गोल शिक्का, शनिवारची तारीख, लख्ख. मी देवाला हात जोडणार, एवढ्यात डावीकडचा खालचा कोपरा दिसला. यंत्रानं खाल्लेला. बोटभर फाटलेला.

वरती कुणाचंही वाटावं असं मंदारचं ठोकळ्यांचं अक्षर. माझं नाही. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"पोस्टमननं बेल नाही वाजवली," हे सांगू लागले. "दारात उभा राहून मान खाली घालून दिलं. तुझा फोन नाही. मंदारचा जुना नंबर होता तो बूथवरून लावला, तर एक बाई तमिळमध्ये काहीतरी सांगत होती. फार वाईट आवाजात सांगत होती गं."

"अहो, नंबर चुकीचा आहे म्हणून सांगते ती! सगळ्यांना सांगते! आणि पाकीट उघडून बघायचंत की. इतके दिवस असे बसलात?"

"उघडलं नाही तोवर तू होतीस," हे म्हणाले.

मी तोंडाची फटकळ आहे, गावाला ठाऊक आहे. पण त्या वेळी मी पाकीट ह्यांच्या हातात दिलं. तिथंच पायरीवर त्यांच्याशेजारी बसले आणि रडले. समोरच्या खड्ड्यातले मजूर बघत होते, बघू देत.

मग ह्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "आता तूच वाच."

वरची कड ब्लेडनं जपून उघडली आणि वाचलं: "अहो, इथली इडली तुमच्या स्वभावापेक्षा मऊ आहे. माझ्या पाकिटांना हात लावलात तर मी इकडेच राहीन, राव मला सांबार घालून पोसतील. डाव्या डब्यातले लाडू संपवा, उजव्यातल्यांना शिवू नका. कॉफीला तुम्ही हवे होतात. हे शेवटचं फार मनावर घेऊ नका."

"उजव्यातले संपले," हे म्हणाले. त्यांना तेवढ्यात ते सुचलं.

संध्याकाळी पाकीट मी जाड पुठ्ठ्यात घालायला घेतलं, रावांना पाठवायला. शब्द दिला होता. हे बघत होते. "देणार का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "दे, दे. तुझं इतक्या वर्षांचं आहे." आणि उठून आत गेले. तिकडून कपाटाचं दार उगीचच उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला.

पुठ्ठा मी परत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बूथवर जाऊन रावांना फोन केला. म्हटलं, राव, शेवटचा आहे, पण मला देता येत नाही. आणि कोपऱ्यापासून मीटरच्या पेटीपर्यंत सगळं सांगितलं.

"उघडिलें नाहीं?" त्यांनी विचारलं. "तिकीट दिसत असून पाण्यांत घातलें नाहीं?"

"नाही."

"सेरी. मग तो शिक्का त्यांचाच. आणि पाहा, पहिला मी पाठवितों. तुम्हांस नाहीं, त्यांस. जोडी एका घरांत असावी."

"अहो राव, पण शिक्के मी जमवते!"

"तुम्हीं हातशिक्के आणलेत," राव म्हणाले आणि फोन ठेवला.

रजिस्टरानं पाकीट आलं, ह्यांच्या नावे. आतल्या दोन पुठ्ठ्यांमध्ये मद्रासचा पहिला, एकही रेघ न तुटलेला. हे त्याला हात न लावता बघत राहिले. मग त्यांनी त्यांचा तिकिटांचा आल्बम काढला, पहिल्या पानावरची सगळी तिकिटं उचलून मागे नेली, आणि तिथं पहिला ठेवला, त्याच्याखाली आमचा शेवटचा, फाटक्या कोपऱ्यासकट. त्या आल्बममध्ये पाण्याला न लागलेली तेवढी दोनच आहेत. मी आजवर शिक्क्यांपायी माणसांत हसू करून घेतलं आणि जोडी गेली ह्यांच्या नावावर, आहे की नाही?

रावांनी बाहेरच्या पाकिटावर तिकिटं मात्र नामी लावली होती. ती बघून हे वाडगं आणायला आत गेले, आणि पाणी कोमट मी करून दिलं.